अवघड गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी, मंगळवार

घुम्या,

तुझं पार्सल पोचलं. आलं ते असं: शर्ट चार, वापरलेले. चामड्याचे हातमोजे एक जोडी. वेल्डिंगचं हेल्मेट एक, काचेसकट. माझ्यासाठी लोकरीची शाल एक, करडी. चिठ्ठी नाही. खोका उलटा करून झटकला, तरी नाही. तिकिटं कमी लावली होतीस, म्हणून पोस्टात पस्तीस जादा भरले आणि ओझं उचलणाऱ्याला दहा दिले. घरखर्चात मांडलेत, तुझ्या नावावर नाहीत.

शाल मला नको होती. आहे ती अजून दोन हिवाळे निघाली असती. पण ऊब चांगली आहे, रोज पांघरते.

शर्ट त्याच दिवशी धुतले. रफूचा दोरा आणि सुई आधीच काढून ठेवली होती, ती तशीच डब्यात परत ठेवली. हेल्मेट कपाटावर ठेवलंय. ते परत का धाडलंस? तिथलं काम संपलं का?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकीट न फोडता फेकून देणारा तू नाहीस, एवढं तुला ओळखते. लहानपणी रुसलास की पलंगाखाली जाऊन बसायचास, पण खाऊची ताटली आत सरकवली की ती रिकामी होऊन बाहेर यायची. घुम्या हे नाव तुला उगीच नाही पडलं.

आता बातमी. तुझ्या बायकोला मुलाखतीचं बोलावणं आलंय. वेल्डिंगची मशिनं, रॉड, हेल्मेटं असलं सगळं बनवणारी कंपनी आहे, त्यांना विक्रीसाठी माणूस हवंय. वर्कशॉपमधून वर्कशॉपमध्ये जायचं, मशीन दाखवायचं, ऑर्डर आणायची. वीस तारखेला बोलावलंय.

मी तिला स्पष्ट सांगितलं की नीट विचार कर. जागेच्या मालकानं वर्कशॉप रिकामं करायला लावलं, तू सामान विकून परक्या गावी कामाला निघालास, तेव्हा दारात तुम्हा दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलंय. ती म्हणाली होती, "तू जाऊ नकोस, मी विक्रीची नोकरी बघते." आणि तू म्हणालास, "विक्रीवाल्यांना मी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. आता माझीच बायको त्यांच्यात जाणार का?" ते मी तिला आठवण करून दिलं. ती म्हणाली, "आई, मला पाठ आहे ते." मी यात नाही. तुमचं तुम्ही बघा.

फक्त एकच झालं. तालमीला तिला समोर कुणीतरी हवं होतं, आणि घरात दुसरं आहे कोण? मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते, तर ती पिठाचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "नमस्कार. तुमच्याकडं कुठलं काम जास्त असतं?"

"मटारचं," मी म्हटलं.

"आई, तुम्ही वर्कशॉपच्या मालकीणबाई आहात. हा डबा म्हणजे मशीन."

"मग एवढं लहान कसं? घुम्याचं मशीन ढकलायला दोन माणसं लागायची."

"तेच तर! हे नवं इन्व्हर्टरचं आहे. एका हातानं उचलतं, वीज कमी खातं."

"बिघडलं तर दुरुस्तीला किती?"

ती म्हणाली, "जुन्यापेक्षा जास्त."

"मग नको," म्हटलं, आणि मटार सोलायला लागले.

एवढंच झालं. तुला वाईट वाटावं असं यात काही नाही. शाल पांघरूनच बसले होते.

वेळेवर जेवत जा.

आई

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. मनीऑर्डरही मिळाली. गेल्या वेळेपेक्षा कमी आहे, पण त्याबद्दल मी काही विचारत नाही, किराणा भागला.

"कंपनीनं नवं हेल्मेट दिलं. तिला सांग, दारोदार फिरायची गरज नाही, मी पाठवतोय ते पुरे आहे." एवढ्या ओळी लिहायला तुला नऊ दिवस लागले! आणि उघडं कार्ड कशाला पाठवतोस? दारात तेच आधी तिच्या हातात पडलं. तिनं वाचलं, माझ्या चष्म्याखाली ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेली. तूही बोलत नाहीस, तीही बोलत नाही. या वयात मला टपालवाली केलंत तुम्ही दोघांनी.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तालीम रोज चालू आहे. दुपारची भांडी झाली की ती डबा घेऊन येते. मी आता मालकीणबाई म्हणून बरी जमते म्हणे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई कोट द्यायला आल्या होत्या (माझा जुना काळा कोट तिच्या मापाचा करून घेतला, कपाटात पडूनच होता), त्या उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमच्यापुढं देवदूत जरी आला ना, तरी हात हलवत परत जाईल हो!" मी ते कौतुक म्हणून घेतलं.

पण पोरीला विषय येतो, हे मान्य करायला हवं. काल ती सांगत होती की प्रत्येक मशिनाची एक दमाची गोष्ट असते. पूर्ण ताकदीनं चालवलं तर दहा मिनिटांत सहाच मिनिटं चालायचं आणि चार मिनिटं गार व्हायचं. विक्रीवाले हे सांगत नाहीत, मग घेणारा ते दिवसभर रेटतो, मशीन बंद पडतं आणि तो विक्रीवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. म्हणून ती म्हणते, "मी आधी विचारणार, की सलग किती वेळ जोड लागतो? मगच मशीन सुचवणार."

मी म्हटलं, "मला पहाटेपासून चार मिनिटांचा दम नाही आणि मशिनाला हवा?"

"म्हणून तर तुम्हाला दुरुस्तीला न्यावं लागतं आई, दर हिवाळ्यात."

जीभ चालते तिची. तुझ्यापुढं चालवत नव्हती, एवढंच.

हे सगळं तिला कुठून आलं, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, "त्याच्या विक्रीवाल्यांकडून." तू त्यांना बाहेर ताटकळत ठेवायचास ना, तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायची. उन्हातून आलेला माणूस पाणी पिता पिता बोलतो. कुठल्या मशिनाची तक्रार येते, कुठले रॉड दमट पेटीतून येतात नि जोडाला भोकं पडतात, सगळं. मग तुला ती सांगायची की या वेळी रॉड दुसरीकडून घेऊ, आणि तू घ्यायचास. तुला वाटायचं, तिला असंच सुचलं.

आणि गेट नेलेल्या गिऱ्हाइकाला ती महिन्यानं फोन करून विचारायची, बिजागरी कुरकुरते का म्हणून. हे मला माहीत होतं, कारण फोनचं बिल मी भरायची. तेव्हा मी तिला त्यावरून बोललेही होते. तुझा जोड पक्का असायचा, यात शंकाच नाही. पण परत येणारं गिऱ्हाईक नुसतं जोड बघून यायचं की त्या फोनमुळं, ते मला सांगता येणार नाही. तुला येतं का बघ.

देवापुढं बसले की पंचाईत होते. तिला नोकरी मिळू दे म्हणावं तर तू दुखावणार. मिळू नये म्हणावं तर रोज तिच्या समोर जेवायला बसायचं असतं. शेवटी म्हटलं, देवा, ज्यात सगळ्यांचं बरं ते कर. आणि उठता उठता हळूच म्हणून गेले, तिला मिळू दे. देवाचे कान तिखट आहेत. तू मात्र ऐकलं नाहीस असं समज.

आई

२१ फेब्रुवारी, शनिवार

घुम्या,

काल मुलाखत झाली. सगळं सविस्तर लिहिते, कारण यातला निम्मा दोष माझ्याकडं येतो.

सकाळी ती काळा कोट घालून निघाली तेव्हा चांगली दिसत होती. बाहीची एक शिवण मी रात्री पुन्हा घातली होती. परत आली ती दुपार टळल्यावर. चपला काढून तिथंच खाली बसली, दाराला पाठ टेकून. मी पाणी दिलं. म्हणाली, "आई, तुम्ही मला बुडवलंत," आणि हसायला लागली. मग हसता हसता डोळे पुसायला लागली. मला काही कळेना.

झालं ते असं. समोर तिघं होते. मधले साहेब, चष्मा कपाळावर चढवलेले. एक तरुण हिशेबनीस. आणि एक बाई, त्यांच्या विक्रीच्या मुख्य. पहिलं सगळं छान गेलं. मशिनांचं विचारलं, रॉड कसे कोरडे ठेवतात ते विचारलं, तिनं सांगितलं. मग साहेबांनी टेबलावर खरंखुरं मशीन ठेवलं आणि म्हणाले, "मी वर्कशॉपवाला. विका मला."

तिनं सुरुवात केली. तुमच्याकडं काय काम असतं, सलग जोड किती लागतो, विजेचा दाब पडतो का. साहेब उत्तरं देत गेले. तिनं मशीन सुचवलं आणि साहेब म्हणाले, "पटलं. घेतलं. लिहा ऑर्डर."

आणि तुझी बायको म्हणाली, "पण साहेब, दुरुस्ती जुन्यापेक्षा महाग पडते बरं का."

"पडू दे. घेतलं."

"आणि तुमच्या कारागिराला आधी दाखवलंत तर बरं. सवय व्हायला वेळ लागतो."

"अहो बाई, घेतलं म्हणतोय ना!"

"आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये कुणाकडं असेल तर आधी त्यांना विचारून…"

साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून तिच्याकडं बघितलं. म्हणाले, "आता मलाच नको वाटायला लागलंय." हिशेबनीस तर तोंडावर रुमाल धरून बसला होता. त्या मुख्य बाईंनी विचारलं, "गिऱ्हाईक हो म्हणालं की काय करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

तर ही म्हणते, "तालमीत तसं कधी झालंच नाही. घरी सासूबाई गिऱ्हाईक होत्या. त्या हो म्हणतच नाहीत."

तिघंही मोठ्यानं हसले म्हणे. माझ्या नावावर! ज्या माणसांनी मला पाहिलंही नाही, त्यांच्या कचेरीत!

मला आधी राग आला. म्हटलं, "अगं, पण मी उगाच कसं हो म्हणायचं? पटायला नको?"

ती म्हणाली, "रोज तालीम केली आई. एकदासुद्धा पटलं नाही?"

मग मी आठवून पाहिलं. एकदाही म्हटलं नव्हतं. मशिनाला नाही, हेल्मेटाला नाही, एक दिवस तिनं नुसते रॉड विकायला घेतले होते, त्यांनाही नाही. बाजारात मी अशीच वागते आणि त्यावर हे घर चाललंय, त्याची मला लाज नाही. पण पोरीला मी निम्मीच तालीम दिली, हे खरं.

संध्याकाळी डबा मीच पुढं ओढला. म्हटलं, "चल, विक. आज मी घेणार." तिनं विकलं. मी म्हटलं, "बघू."

"बघू नाही आई. घेतलं म्हणा."

"विचार करून सांगते."

"आई!"

काय सांगू, शब्द तोंडातच अडकला. खोटंखोटं म्हणायचं, पदरचा छदाम जायचा नाही, तरी जाईना. दोघी शेवटी हसत उठलो.

आता ऐक. त्यांनी तिला बाद केलेलं नाही. मुख्य बाई दारापर्यंत आल्या नि म्हणाल्या, "आमचे लोक दोष लपवतात म्हणून माल परत येतो. तुम्ही दोष सांगता. फक्त थांबायचं कुठं ते शिका." बारा मार्चला पुन्हा बोलावलंय, त्या दिवशी कायमचं ठरणार. पण कंपनीचा नियम आहे, अनुभवाचं पत्र लागतं. तिनं वर्कशॉपची खरेदी बघितली, गिऱ्हाईक सांभाळलं, हे वर्कशॉपच्या मालकानं लिहून द्यायचं. ते असलं तर जागा तिची, नसलं तर दुसरा एक मुलगा आहे, त्याला.

वर्कशॉपचा मालक म्हणजे तू.

मी म्हटलं, "मग लिही त्याला." तर ती म्हणाली, "नाही. कुणी त्याला काही मागायचं नाही. त्यानं एकदा सांगितलंय." आणि कोट खुंटीला लावून भाकऱ्या करायला गेली. शिंपीणबाईंनी सुचवलं की वर्कशॉपचा शिक्का घरातच आहे, दोन ओळी लिहून उठवून टाका, कोण विचारतंय! शिक्का आहे खरा, माझ्याच खणात. पण मला रोज देवापुढं बसायचं असतं. तिनं तर ते ऐकूनही घेतलं नाही.

म्हणून मी मागत नाहीये. फक्त कळवतेय.

आता दुसरं, आणि हे पत्र तिच्या हातात पडणार नाही म्हणून लिहिते. तू वेल्डिंग करायला लागल्यापासून तुझे शर्ट मी रफू करतेय. ठिणग्यांची बारीक भोकं, पोटावर आणि डाव्या बाहीवर. एक शर्ट असा नव्हता की त्याला भोक नाही. या वेळी चार आले आणि चारही धड. भोक एक नाही. उलट दोन शर्टांच्या खिशाला निळी शाई लागलेली, आणि उजव्या मनगटापाशीसुद्धा. मी जन्मभर हिशेब लिहिलेत, लिहिणाऱ्याच्या बाहीला शाई कुठं लागते ते मला कळतं.

तू वेल्डिंग करत नाहीस. हेल्मेट म्हणून परत आलं.

तुझे डोळे कसे आहेत? जायच्या आधी रोज सकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं म्हणायचास आणि मी गार पाण्याच्या पट्ट्या द्यायची. कार्ड नको, पाकीट पाठव.

आई

२ मार्च, सोमवार

घुम्या, माझ्या राजा,

पाकीट मिळालं. दोनदा वाचलं आणि माझ्या पोथीत ठेवलंय.

डॉक्टरांनी वेल्डिंग बंद करायला सांगितलं, हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. नजर आहे तेवढी टिकेल म्हणाले, यासाठी मी देवाचे आभार मानले. गेटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करणं हे काम वाईट नाही. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पगार कमी आहे तर कमी आहे, मी कोंड्याचा मांडा केला नाही असा एक महिना दाखव या घरातला.

तू लिहिलंस की गेटवर सगळ्यात जास्त विक्रीवालेच येतात, आणि त्यांना बसवून ठेवायचं काम तुझं आहे. ते वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. तुला खुर्ची दिली आहे ना? त्यांच्यासाठीही एक मागून घे. पाण्याचा तांब्या भरून ठेव.

"तिला सांगू नको," असंही लिहिलंस. मी सांगितलं नाही, देवाशपथ. पण ऐक काय झालं.

काल दुपारी ती तालमीला बसली. डबा आणला नाही. कपाटावरचं तुझं हेल्मेट काढलं, पदरानं काच पुसली आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "बाई, मशिनाचं नंतर बघू. आधी हे."

मी नेहमीसारखी म्हटलं, "हेल्मेट आहे आमच्याकडं."

"असेल. पण त्याची काच काळी असते, म्हणून जोड कुठं धरायचा ते बघायला तुमचा कारागीर ती वर करतो. दिवसातून किती वेळा वर करत असेल? आणि पहिली ठिणगी पडते तेव्हा ती खाली आणायला त्याला उशीर होतोच. दरवेळी थोडा थोडा. त्याला वाटतं, एवढ्यानं काय होतंय. नवी काच साधी दिसते, ठिणगी पडली की आपोआप काळी होते. वर करावी लागत नाही. महाग आहे. पण तुमचा कारागीर तुम्हाला सकाळी कधी सांगतो का, की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं?"

"घेतलं," मी म्हटलं.

तोंडातून कसं गेलं, मला कळलंच नाही. किंमत विचारली नाही. दुरुस्ती विचारली नाही. मटाराच्या शेंगा मांडीवरून खाली गेल्या.

ती थांबली. दोष सांगत बसली नाही. वही ओढली, पेन उघडलं आणि अगदी हळू विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू?"

मी तिच्याकडं बघितलं. म्हटलं, "तुला माहीत आहे?"

"शर्ट दोरीवरून मीच काढले ना आई. या वेळी रफू लागलं नाही."

म्हणजे पार्सल आलं त्या दिवसापासून माहीत होतं तिला. तुझं ते कार्ड वाचलं तेव्हाही माहीत होतं. दारोदार फिरायची गरज नाही म्हणणाऱ्या नवऱ्याचंच वेल्डिंग सुटलंय, हे ती मला बोलून दाखवू शकली असती, तुला उघड लिहू शकली असती. एका अक्षरानं बोलली नाही. मी विचारलं, का नाही बोललीस? तर म्हणाली, "त्यानं सांगितलं नाही म्हणजे त्याला सांगायचं नसेल. तो सांगेल तेव्हा मला कळेल." आणि शेंगा गोळा करायला खाली बसली.

घुम्या, इतके दिवस मी या पत्रांत तिला तुझी बायको लिहीत आले. ती माझी सून आहे.

अनुभवाच्या पत्राबद्दल तू लिहिलंस की काय लिहायचं ते कळत नाही, तिला कधी पगार दिला नाही, हजेरी मांडली नाही, मग ती नोकर होती असं कसं लिहू. खरं आहे. खोटं लिहू नकोस. तिला नोकर म्हणू नकोस. जे होतं तेवढंच लिही. रॉड कुठून घ्यायचे ते ती ठरवायची. आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायची, गेलेल्याला फोन करायची. तू विक्रीवाल्यांना उन्हात उभं करायचास, तेव्हा ती त्यांना पाणी द्यायची आणि त्यांचं ऐकून घ्यायची, हेही लिहिलंस तर मुख्य बाईंना आवडेल असं मला वाटतं. तुझं अक्षर चांगलं आहे, गेटवर सुधारलंही असेल. सोबत शिक्का पाठवतेय, रुमालात गुंडाळून. तो उठवणं माझं काम नाही, तुझं आहे.

आणि एक. फिरतीची नोकरी आहे. महिन्यातून काही दिवस ती तुझ्या बाजूच्या कारखान्यांकडंही येणार, असं त्या बाईंनी सांगितलंय. तुमच्या गेटवर आली तर नोंद तुलाच करावी लागेल. नाव, कुठून आली, कोणाला भेटायचंय. शेवटच्या रकान्यात काय लिहायचं, ते तोवर ठरवून ठेव.

तुला हो म्हणणं जड जातं, ते माझ्याकडूनच आलंय, त्यामुळं मी त्यावर फार बोलणार नाही. पण मला या वयात जमलं. आधी अडतो, मग जातो शब्द. म्हणून झाल्यावर वाटतं तेवढं नुकसान होत नाही.

बारा तारखेच्या आत पोचायला हवं. तिकिटं या वेळी पुरती लाव, जादा भरायला मी पोस्टात जाणार नाही, तीच जाणार आहे. उलट टपाली पाठव, आणि पाकिटावर नाव माझं घालू नकोस, तिचं घाल.

आई